म्युनिकची शिदोरी

म्युनिक नगरांत दुपारचे बारा वाजण्यापूर्वीं वासराच्या मांसाचें पांढरें सॉसेज, मोहरीची गोड चटणी व गव्हाची बिअर अशी भरपेट न्याहारी करण्याची चाल आहे. परंतु तेथील बिअरच्या बागांतील दुसरी चाल आम्हांस अधिक बोधप्रद वाटते: गिऱ्हाईक बिअर विकत घेतें, पण जेवण खुशाल घरून आणतें!

सोळाव्या शतकांतील राजाज्ञेनें उन्हाळ्यांत बिअर करण्यास बंदी झाली. हिवाळ्यांत केलेली बिअर थंड राहावी म्हणून कारखानदारांनीं ईझार नदीकांठीं तळघरें खणलीं व वर सावलीकरितां चेस्टनटचीं झाडें लाविलीं. लोक त्या छायेंतच पिऊं लागले. शहरांतील खाणावळवाले चिडले. तेव्हां १८१२ सालीं राजा पहिला मॅक्सिमिलियन यानें निवाडा दिला: कारखानदारांनीं तेथें आपली बिअर विकावी, मात्र पावाखेरीज अन्न विकूं नये. अर्थात् लोक शिदोरी घेऊन येऊं लागले.

पुढें तो निर्बंध गेला, मुभा राहिली. १९९९ सालीं बव्हेरियाच्या सरकारनें ती अशा बागेचें लक्षण म्हणूनच नमूद केली. दोन धंदेवाल्यांच्या तंट्यांतून गरिबाच्या शिदोरीस मानाची जागा मिळावी, हें इतिहासांत विरळाच घडतें.