‘स्पिअरहेड’ म्हणजे केवळ नेतृत्व नव्हे

वैभववाडी : इंग्रजी वृत्तपत्रांत आणि प्रसिद्धिपत्रकांत वारंवार भेटणाऱ्या ‘स्पिअरहेड’ या शब्दाचे मराठीत सरसकट ‘नेतृत्व करणे’ असे भाषांतर होते. ते चुकीचे नसले, तरी अपुरे आहे.

यातील ‘हेड’ हे ‘हेडक्लार्क’मधले नव्हे. ‘स्पिअर’ म्हणजे भाला आणि ‘स्पिअरहेड’ म्हणजे त्याचे धारदार टोक. समोरच्याला प्रथम भिडते ते हेच. त्यावरून चढाईतील सर्वांत पुढची तुकडी आणि पुढे एखाद्या मोहिमेच्या अग्रभागी राहणारी व्यक्ती, असा अर्थ रूढ झाला.

वैभववाडीवरून जाणाऱ्या कोकण रेल्वेचे उदाहरण घेतल्यास ही छटा उलगडते. 1957 ते 1971 या काळात राजापूरचे खासदार असलेले बॅ. नाथ पै आणि त्यांच्यानंतर 1990 पर्यंत प्रा. मधु दंडवते यांनी या रेल्वेची मागणी लोकसभेत लावून धरली. मार्ग दृष्टिपथात नसताना ते पुढे होते. त्यांच्या कार्याला ‘स्पिअरहेड’ शोभते. 1990 मध्ये स्थापन झालेल्या महामंडळाचे अध्यक्ष ई. श्रीधरन यांनी 1998 मध्ये संपूर्ण मार्ग खुला होईपर्यंत सांभाळली ती ‘धुरा’. दोन्हींना ‘नेतृत्व’ म्हटले की मागणाऱ्याचे आणि बांधणाऱ्याचे श्रेय एकाच मापात जाते.

क्रियापद म्हणून या शब्दाचे कर्म मोहीम, आंदोलन वा संशोधन असते. पद किंवा व्यक्ती नव्हे. बँकेचे अध्यक्षपद कोणी ‘स्पिअरहेड’ करीत नाही. क्रिकेटमध्ये मात्र ते नाम असते. 2011 च्या विश्वचषकात 21 बळी घेणारा श्रीरामपूरचा झहीर खान हा भारतीय गोलंदाजीचा ‘स्पिअरहेड’ होता.

मराठीत याच्या सर्वांत जवळ जाणारा शब्द ‘बिनी’. मराठा सैन्याच्या आघाडीच्या तुकडीला बिनी म्हणत. पेशव्यांचे सरदार विसाजी कृष्ण ‘बिनीवाले’ म्हणून ओळखले जातात ते त्यावरूनच. ‘बिनीचा शिलेदार’ हा प्रयोग आजही वाचकाला अडत नाही. अडचण क्रियापदाची आहे. तेथे ‘अग्रभागी राहून लढा देणे’ किंवा ‘पुढाकार घेऊन मोहीम चालविणे’ असे लिहावे लागते. शब्द वाढतात, पण अर्थ निसटत नाही.

कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेमार्गासाठी पाठपुरावा करणाऱ्यांबद्दल लिहितानाही ‘नेतृत्व’ऐवजी हाच प्रयोग अधिक नेमका ठरेल.