कोंबडी कोणाची, पुस्तक कोणासाठी?

रोहिणखेडचे नाव इतिहासात आले ते लढाईमुळे. १४३७ साली बहमनी सरदार खलफ हसन याने खानदेशच्या नसीरखान फारुकीचा येथे पराभव केला, हे इतिहासग्रंथांत नमूद आहे. त्या फौजांच्या वाटेवर कोणाची खुराडी रिकामी झाली याची नोंद मात्र कोणी ठेवली नाही. आम्ही आज त्या खुराड्यांविषयी बोलणार आहोत, आणि तेही नवशिक्यास कोंबड्या पाळावयास शिकविणाऱ्या पुस्तकांच्या निमित्ताने. विषय ऐकून काही मंडळी हसतील. हसावे, परंतु ज्या घरी पोराच्या औषधासाठी कोंबडी बाजारात जाते, तेथे हा विषय हसण्याचा राहत नाही.

असली पुस्तके फार जुनी आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेला या रोमन लेखकाने शेतीवरील आपल्या ग्रंथात कोंबड्यांचे प्रकरण लिहिले. दोनशे पाखरांस एक राखणदार पुरे, मात्र भटकणाऱ्यांवर नजर ठेवण्यास एखादी कष्टाळू म्हातारी किंवा पोर हवे, असा त्याचा हिशेब. निदान त्याने म्हातारी मोजली! पुढच्या पुष्कळ पुस्तकांत दाणा मोजला, अंडी मोजली, म्हातारी गळाली.

आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आयझा ट्वीड यांचे हिंदुस्थानातील कोंबडीपालनावरचे इंग्रजी पुस्तक कलकत्त्यास निघाले. ते वाचणाऱ्या बंगल्यांत खुराडे झाडणारा हात वाचणाऱ्याचा नव्हता. महायुद्धांत सरकारांनाच परसातल्या कोंबडीची आठवण झाली. १९१७-१८ मध्ये अमेरिकेच्या शेतीखात्याने भित्तिपत्रके लावून लोकांस ती पाळण्याचा आग्रह केला. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात कोंबडी पाळणाऱ्याने शिधापत्रिकेवरील अंडी सोडली तर बदल्यात खाद्य मिळे.

स्वराज्यात पंचवार्षिक योजना आल्या आणि त्यांबरोबर पांढरी लेगहॉर्न आली. देशी कोंबडी वर्षाला साठेक अंडी घालते, ही दोनशेवर. हा आकडा खोटा नाही. लेगहॉर्न खुडूक बसत नाही, हाही पुस्तकांनी तिचा गुणच मानला, कारण खुडूक कोंबडी अंडी देणे थांबविते. पण गावातल्या बाईला विचारा. खुडूक बसलेली कोंबडी म्हणजे तिचे उबवणी केंद्र. एकवीस दिवस टोपलीत भुसा आणि अंडी. ना वीज, ना कर्ज. ती गेली की पिलू विकत आणावयाचे, खाद्य विकत आणावयाचे, आणि भाव दुसऱ्याने ठरवावयाचा. गिरणीत यंत्र बदलले की मजुरी कोणाच्या हाती जाते, हे आम्ही आयुष्यभर पाहिले. येथेही तेच पाहिले.

तरीही आम्ही पुस्तकांच्या विरुद्ध नाही. आमचे सारे शिक्षण पुस्तकांनीच केले. आजीला खुडूक कळत होती. मर कळत नव्हती. हिरवट हगवण, घरघर, वाकडी मान, आणि चार दिवसांत डालगे रिकामे. लोक तिला मानमोडी म्हणत. १९१८ च्या माणसांतल्या साथीलाही हेच नाव पडले होते. कोंबड्यांचा हा रोग आपल्या देशात १९२७ साली कुमाऊंतील राणीखेत येथे ओळखला गेला, म्हणून त्याचे नाव राणीखेत. त्यावर लस आहे. पहिल्या आठवड्यात पिलाच्या डोळ्यांत किंवा नाकात थेंब, पुढे आठव्या आठवड्यात टोचणी. आजच्या प्रत्येक प्राथमिक पुस्तिकेत हे वेळापत्रक असते. हे ज्ञान कोणत्याही आजीजवळ नव्हते.

अडचण पुढेच आहे. पुस्तिका बोलते एकट्या वाचकाशी, आणि लसीची कुपी असते शंभर पाखरांची. ती थंड ठेवावी लागते, एकदा कालवली की थोड्याच वेळात संपवावी लागते. एका बाईने आम्हांस सरळ विचारले, "भाऊ, माह्या पाचच कोंबड्या हायेत. बाकी पंच्याण्णव कुठून आणू?"

आम्ही हिशेब मांडला. घरटी पाच धरल्या तर वीस घरे. बर्फाचा डबा कोणी आणावयाचा, पैसे कोणी गोळा करावयाचे, हे गल्लीतल्या बायकांनी एका बैठकीत ठरविले. खोळंबा झाला तो वेळेचा. देशी पाखरे दिवसा उकिरड्यावर पांगलेली. हाती लागतात ती दिवेलागणीला, डालग्याखाली आल्यावर. आणि टोचणाऱ्याची कामाची वेळ तोवर संपलेली असते.