ओट्यावरचा पाहुणा : खान्देशी घराची रीत

घराची शोभा कशात असते, असा प्रश्न आज कोणी केला, तर दिवाणखान्यातील सोफा, काचेचे कपाट आणि खिडक्यांचे पडदे यांच्याकडे बोट दाखविले जाते. आमच्या आजी-पणजींच्या काळी हा प्रश्न निराळ्या रीतीने विचारला जाई. पाहुणा दारी आला असता त्याला कसे वागविले, यावरून घराची पारख होत असे. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांतील जुन्या घरांचा विचार करताना ही गोष्ट आम्हांस पुनःपुन्हा जाणवली. त्या घरांनी आपल्याला काय दिले आणि त्यांच्या रीतीत कोणते उणे होते, हे दोन्ही प्रामाणिकपणे पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

खान्देशावर १८१८ साली इंग्रजांचा अंमल बसला आणि कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळे येथे जिल्ह्याचे ठाणे वसविले. १९०६ साली या विस्तीर्ण जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पुढे तेच जळगाव आणि धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. सरकारी सीमा अशा बदलत गेल्या, तरी घर बांधण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या तीच राहिली. तापीकाठचा उन्हाळा अत्यंत कडक. म्हणून घराच्या भिंती जाड मातीच्या, खिडक्या लहान आणि वर मातीचे सपाट धाबे. दिवसा आत गारवा राही. रात्री धाब्यावर अंथरुणे पडत आणि आकाशाखाली गप्पा रंगत. धान्य, मिरच्या, बिबडे वाळवावयाचे तेही धाब्यावरच.

या घराला सजावट होती, परंतु ती विकत आणलेली नव्हती. शेणाने सारवलेली जमीन, अंगणात सडा, त्यावर रांगोळी, कोनाड्यात दिवा, उतरंडीला एकावर एक रचलेली मडकी आणि घासून लख्ख केलेली तांब्या-पितळेची भांडी हेच त्या घराचे अलंकार. श्रावणात कानबाईचा उत्सव आला की घरे झाडून, सारवून, रंगवून निघत आणि दूर पांगलेले भाऊबंद मूळ घरी एकत्र येत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येत आणि झाडांना झोके बांधले जात. सण हे घराला आपली माणसे परत मिळवून देण्याचे निमित्त होते.

असोद्याची लेक आणि जळगावची सून बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. तरीही घरातील चूल, घरोट म्हणजे जाते, शेत आणि सण यांवर त्यांनी ओव्या रचल्या. त्यांचे पुत्र कवी सोपानदेव आणि आप्त यांनी त्या टिपून ठेवल्या आणि बहिणाबाईंच्या मृत्यूनंतर १९५२ साली त्यांचे पुस्तक झाले. साध्या घरातील साध्या वस्तूंना केवढी प्रतिष्ठा असू शकते, हे महाराष्ट्राला त्या पुस्तकाने दाखविले.

आता पाहुण्याकडे वळू. घरापुढचा ओटा ही खान्देशी घराची बैठक. पाहुणा येताच आधी पाय धुण्यास पाणी, मग पिण्यास पाण्याचा तांब्या, मग घोंगडी किंवा गोधडी अंथरून बसण्याचा आग्रह. कामाचे बोलणे त्यानंतर. जेवणाच्या वेळी आलेल्या माणसाला जेवल्यावाचून जाऊ देणे म्हणजे घराला कमीपणा. हिवाळ्यात शेतातच पऱ्हाट्यांवर वांगी भाजून भरीत होई आणि सोबत कळण्याची भाकरी. एरवी वरण-बट्टी. मोठ्या पाहुणचाराला खापरावरचे मांडे. पालथ्या घातलेल्या मातीच्या खापराखाली जाळ घालावयाचा, पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर झेलीत रुमालासारखी मोठी करावयाची आणि अलगद खापरावर टाकावयाची. हे काम एकटीचे नव्हे. त्यासाठी शेजारणी येत आणि दुसऱ्या दिवशी हिने त्यांच्याकडे जावयाचे, हा अलिखित करार असे.

पंगतीचेही नियम होते. वडीलधाऱ्यांनी आरंभ केल्यावाचून घास घेऊ नये, पानात टाकू नये, शेजाऱ्याचे जेवण होण्यापूर्वी उठू नये. आजही हे नियम मुलांना शिकवावेत, असे आम्हांस वाटते. मात्र त्याच घरातील स्त्रिया सर्वांच्या शेवटी, उरलेल्यावर जेवत, हेही विसरून चालणार नाही.

याहूनही मोठे उणे एक होते. ओट्यावर कोणी बसावे, पायरीशी कोणी थांबावे आणि अंगणाच्या बाहेरच कोणी उभे राहावे, हे माणसाच्या जातीवरून ठरत असे. तांब्या एकाच्या हाती दिला जाई आणि दुसऱ्याच्या ओंजळीत पाणी वरून ओतले जाई. १८८० साली मुंबई सरकारने खान्देशाचे गॅझेटियर प्रसिद्ध केले. त्यातील लोकांचे वर्णन वाचू लागावे, तर तेही एकेका जातीचे प्रकरण उलगडत पुढे जाते. ज्या समाजाचे वर्णन करावयाचे तोच तसा विभागलेला होता.

या विभागणीचा खान्देशातील एक प्रसंग डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. १९२९ साली अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या सरकारी समितीचे सभासद म्हणून ते खान्देशात आले होते. चाळीसगावच्या अस्पृश्य बांधवांनी एक रात्र आपल्याकडे मुक्काम करावा म्हणून त्यांना गळ घातली आणि त्यांनी ती मान्य केली. धुळे मार्गावरील एका गावातील बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगावला परतले, तेव्हा मंडळी स्थानकावर हार घेऊन उभी होती. वस्ती पायी जाण्याजोगी होती, तरी त्यांना तासभर थांबविण्यात आले. अखेर एक टांगा आला. काही वेळाने नदीवरच्या अरुंद पुलावर चाक दगडाला अडकले आणि बाबासाहेब फरसबंदीवर फेकले गेले. त्यांचा पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत पडले.

उशिराचे आणि अपघाताचे कारण त्यांना मागाहून कळले. अस्पृश्याला बसवून टांगा हाकणे हे टांगेवाल्यांना आपल्या प्रतिष्ठेला कमीपणा आणणारे वाटले होते. एवढा मोठा पाहुणा पायी चालत येणे हे यजमानांना पाहुण्याच्या प्रतिष्ठेला न शोभणारे वाटले होते. तेव्हा टांगा भाड्याने घ्यावा आणि आपल्यापैकीच एकाने तो हाकावा, अशी तडजोड निघाली. ज्याने लगाम धरला, त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती.

हा प्रसंग आम्ही अनेकदा वाचला आहे. दोन्ही बाजूंना प्रतिष्ठेचीच चिंता होती, हे दर वेळी मनाला लागते. टांगेवाला स्वतःची प्रतिष्ठा जपत होता आणि वस्तीतील माणसे पाहुण्याची. ज्यांना गावाने ओट्यावर कधी बसू दिले नाही, त्यांच्याच अंगी खान्देशी आदरातिथ्य पुरेपूर होते. त्यांचा बेत चुकला हे खरे. स्वतः बाबासाहेबांनीही ही चूक नोंदविली आहे. तरीही त्यामागील आदर खोटा नव्हता. शिष्टाचाराचे हे दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत. एक आपले स्थान राखतो, दुसरा समोरच्याला स्थान देतो.

दुसऱ्या प्रकाराचे उदाहरणही खान्देशातच आहे. कोकणातील पालगडचे साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि तेथील छात्रालयाचा कारभार त्यांच्याकडे आला. मुले शाळेत गेली की ते त्यांच्या खोल्या झाडीत, अंथरुणे नीट घडी करून ठेवीत, कपडे धुवीत. नीटनेटकेपणाचा धडा त्यांनी असा न बोलता दिला. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले. मुलांची खोली झाडणे आणि मंदिराचे दार उघडावयास लावणे ही आम्हांस एकाच शिष्टाचाराची दोन रूपे वाटतात.

आपल्या कॅथॉलिक कुटुंबांचा या इतिहासाशी संबंध काय? भुसावळ हे रेल्वेचे मोठे जंक्शन झाले आणि नोकरीच्या निमित्ताने गोवेकर, अँग्लो-इंडियन अशी ख्रिस्ती कुटुंबे तेथे आली. त्यांच्या घरी मेजावर चादर आणि भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाचे चित्र असे. खान्देशातील गावांचे आणि सातपुड्याच्या पायथ्याचे भाविक आपापली सारवलेली जमीन आणि आपली भाकरी घेऊन त्याच उपासनेला आले. १९८७ साली नाशिक धर्मप्रांत स्थापन झाला, तेव्हा खान्देशही त्यात आला. मेज आणि पाट दोन्ही आपलेच आहेत. यांतील एक सुसंस्कृत आणि दुसरे गावंढळ, असे मानण्याचे काही कारण नाही.

लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशू आपल्या यजमानाला एक गोष्ट सुनावतो. मी तुझ्या घरी आलो, पण तू मला पाय धुण्यास पाणी दिले नाहीस. त्या मेजवानीत पदार्थांची उणीव नसावी. उणीव होती ती पाण्याच्या तांब्याची. खान्देशातील कोणत्याही आजीला हे वचन समजावून सांगावे लागणार नाही.

म्हणून आमची वाचकांना एवढीच विनंती आहे. घर जरूर सजवावे. जुना पितळी तांब्या घासून पुन्हा बैठकीत ठेवावा. मुलांना पंगतीची रीत शिकवावी आणि आईला सर्वांबरोबर जेवावयास बसवावे. आणि स्वयंपाकघराच्या फळीवर कामाला येणाऱ्या बाईसाठी कानतुटका वेगळा कप ठेवलेला असेल, तर तो आजच काढून टाकावा. तिला आपल्याच कपातून चहा द्यावा आणि बसावयास खुर्ची द्यावी.