बहिणाबाईंचे अभंग आणि बीडच्या लेकी

संतचरित्रें वाचतांना आपलें लक्ष चमत्कारांकडे जातें. अंगावरचे वळ दिसत नाहींत. संत बहिणाबाईंचा (1628–1700) जन्म वेरूळनजीकच्या देवगांवचा. पांचव्या वर्षाच्या सुमारास त्यांचें लग्न तिशींतल्या बिजवराशीं झालें. पुढें घरच्या अडचणींपायीं गांव सुटलें. आणि कोल्हापुरास, वयाच्या अकराव्या-बाराव्या वर्षीं, कीर्तनाच्या ओढीपायीं नवऱ्यानें त्यांना बांधून मारलें. हें सारें त्यांनींच आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत सांगून ठेविलें आहे.

परंतु त्याच मुखानें त्यांनीं पातिव्रत्याची थोरवीहि गाइली. त्या काळची समजूत म्हणून हें सोडून देणें आम्हांस पटत नाहीं. पोसणारा व मारणारा एकाच उंबऱ्याच्या आंत असला, म्हणजे पोर स्वतःचाच दोष शोधूं लागतें. त्याला दोषी मानलें तर आसरा कोठें उरतो? ही संवय वयाबरोबर जात नाहीं. 1998 सालीं अमेरिकेंत फेलिटी व आंडा यांनीं हजारों प्रौढांची विचारपूस करून दाखविलें कीं, लहानपणीं खाल्लेला मार, किंवा आईला पडतांना पाहिलेला मार, पुढें खिन्नतेंत आणि हृदयाच्या विकारांतहि उमटतो. अशा मुलींच्या वांट्यास संसारांतहि छळ येण्याचा संभव अधिक, असें नंतरच्या संशोधनांत आढळलें.

गोदावरीच्या दक्षिणेस बीड जिल्हा लागतो. 1930 सालीं सारडा कायदा ब्रिटिश मुलखांत अमलांत आला तेव्हां बीड निजामाकडे होतें. आज 2006 चा बालविवाहबंदीचा कायदा तेथेंहि लागू आहे. तरी 2019–21 च्या राष्ट्रीय पाहणींत विशी ते चोविशींतल्या शेंकडा 40 हून अधिक स्त्रियांचें लग्न अठराच्या आंत झालेलें निघालें. राज्याचा आंकडा सुमारें 22. कारण उघड आहे. पाटोदा, शिरूर, धारूर येथील कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघतात. मुकादमाची उचल जोडप्यावर मिळते, आणि त्या जोडप्यालाच ‘कोयता’ म्हणतात. (माणसांस हत्याराचें नांव देणारा हा शब्द आम्हांस फार बोलका वाटतो.) वयांत आलेली मुलगी मागें कोणापाशीं ठेवावी, हा घोर असतोच, मग लग्न उरकतें. कोपीच्या पाचटापलीकडे आईचें रडणें ऐकलेली पोर दुसऱ्या कोपींत नांदावयास जाते, आणि पहिला फटका बसतो तेव्हां तिला त्यांत नवल कांहींच वाटत नाहीं.

2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानें मानसिक छळहि मोजला, माहेरच्या छळापासूनहि संरक्षण दिलें. तक्रार तिला स्वतः किंवा तिच्या वतीनें दुसऱ्या कोणालाहि गुदरतां येते. मात्र हंगामाचे पांच-सहा महिने ती पश्चिम महाराष्ट्रांत नाहीं तर कर्नाटकांत असते, बहुधा लहानगी लेक बरोबर घेऊन.