सॉफ्टवेअर-प्रकाशन व्यवस्थापन

सॉफ्टवेअर-प्रकाशन व्यवस्थापन : संगणकाच्या आज्ञावलीची नवी आवृत्ती, तिच्या आखणीपासून प्रत्यक्ष वापराच्या ठिकाणी तिची स्थापना होईपर्यंत, ज्या पद्धतीने हाताळली जाते त्या पद्धतीस ही संज्ञा देतात. आज्ञावली लिहिणे आणि ती वापरणाऱ्यांच्या स्वाधीन करणे ही दोन भिन्न कामे आहेत. पहिले काम चोख होऊनही दुसऱ्यातील चुकीमुळे अनर्थ ओढवल्याची उदाहरणे आहेत.

टप्पे : नव्या आवृत्तीत कोणते बदल घ्यावयाचे व कोणते पुढे ढकलावयाचे, हे प्रथम ठरवितात. अनेकांनी लिहिलेले भाग एकत्र करून ते यंत्रावर चालतील अशा स्वरूपात आणणे यास बांधणी म्हणतात. त्यानंतर परीक्षण होते. निर्मात्या संस्थेतच तपासल्या जाणाऱ्या आवृत्तीस आल्फा, तर बाहेरील निवडक लोकांस दिल्या जाणाऱ्या आवृत्तीस बीटा म्हणण्याचा प्रघात आहे. ठरलेल्या दिवसानंतर नवे बदल स्वीकारणे थांबवून केवळ दोषदुरुस्ती करतात व शेवटी स्थापना होते. बिघाड झाल्यास पूर्वीच्या आवृत्तीकडे परतण्याची वाट आधीच आखून ठेवणे, हाही योजनेचाच भाग होय.

इतिहास : प्रारंभी आज्ञावली यंत्राबरोबरच पुरविली जाई. आयबीएम या अमेरिकन कंपनीने १९६४ मध्ये ‘सिस्टिम/३६०’ ही संगणकमालिका जाहीर केली. परंतु तिची ‘ओएस/३६०’ ही कार्यप्रणाली वेळेत तयार होऊ शकली नाही. तिच्या निर्मितीचे प्रमुख फ्रेडरिक ब्रुक्स यांनी या अनुभवाचे विवेचन १९७५ मध्ये ग्रंथरूपाने केले. एक दोष काढताना दुसरा शिरण्याची शक्यता २० ते ५० टक्के असते, असे त्यांचे निरीक्षण होते. म्हणूनच प्रत्येक दुरुस्तीनंतर पूर्वीच्या सर्व चाचण्या पुन्हा घेणे अगत्याचे ठरते. १९६९ मध्ये याच कंपनीने आज्ञावलींची किंमत यंत्रापासून वेगळी आकारण्याचे जाहीर केले आणि सॉफ्टवेअर ही स्वतंत्र विक्रेय वस्तू होण्यास चालना मिळाली.

याच काळात अपोलो चांद्रयानाच्या संगणकात आज्ञावली अक्षरशः विणली जात असे. तारा सूक्ष्म चुंबकीय कड्यांतून किंवा त्यांच्या बाहेरून ओवून ३६,८६४ शब्दांची कायम स्मृती तयार होई. हे काम कारखान्यातील कुशल स्त्रिया करीत व त्यास कित्येक आठवडे लागत. त्यामुळे उड्डाणापूर्वी बऱ्याच आधी आज्ञावली अंतिम करावी लागे. हा विलंब गैरसोयीचा असला, तरी त्यामुळे परीक्षणाची शिस्त आपोआप पाळली जाई.

पुढे ही शिस्त साधनांच्या साहाय्याने आणण्याचे प्रयत्न झाले. बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकिंड यांनी १९७२ मध्ये बदलांची नोंद ठेवणारी प्रणाली तयार केली, तर स्ट्युअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बांधणी स्वयंचलित करणारी ‘मेक’ ही आज्ञावली रचली. कोणता बदल कोणी व केव्हा केला हे त्यामुळे सांगता येऊ लागले. वितरणाची माध्यमेही बदलत गेली. चुंबकीय फिती व चकत्या यांच्या जागी आंतरजाल आले आणि महिन्यांचे अंतर मिनिटांवर आले. उबुंटू या कार्यप्रणालीने २००४ पासून दर सहा महिन्यांनी आवृत्ती काढण्याचे धोरण स्वीकारले. जे काम तोवर पुरे होत नाही, ते पुढील आवृत्तीची वाट पाहते. २००९ मध्ये फ्लिकर या छायाचित्र-संकेतस्थळाच्या अभियंत्यांनी दिवसातून दहाहून अधिक वेळा स्थापना करण्याची आपली पद्धत मांडली. बदल लहान असला की दोषाचे मूळ लवकर सापडते, हे तीमागील तत्त्व होय.

अपघात व बोध : १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेतील एटी अँड टी या कंपनीची दूर अंतरावरील दूरध्वनिसेवा सुमारे नऊ तास विस्कळीत झाली. एक केंद्र बंद पडून पुन्हा सुरू झाले, तेव्हा त्याच्या संदेशांनी शेजारची केंद्रे बंद पडू लागली. नवी सदोष आवृत्ती सर्व ११४ केंद्रांत बसविलेली असल्याने बिघाड कोठेच अडला नाही.

नाइट कॅपिटल या रोखे-व्यवहार संस्थेने नवी आज्ञावली आठ सर्व्हरांपैकी सातांवरच बसविली. १ ऑगस्ट २०१२ रोजी आठव्यावरील जुना, वापरात नसलेला भाग जागृत होऊन सुमारे ४५ मिनिटे चुकीचे व्यवहार होत राहिले. माघार घेताना सात सर्व्हरांवरील नवी आज्ञावली काढली गेली, त्यामुळे परिस्थिती अधिकच बिघडली. तोटा ४६ कोटी डॉलरहून अधिक झाला. दुसऱ्या तंत्रज्ञाने काम पडताळावे, असा लेखी नियम तेथे नव्हता.

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीने पाठविलेल्या एका सदोष फाइलमुळे जगातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. भारतातील काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली गेली. परंतु बंद पडलेल्या अनेक यंत्रांजवळ जाऊन ती माणसांना दुरुस्त करावी लागली. मुख्य आज्ञावलीच्या आवृत्त्या टप्प्याटप्प्याने पाठविण्याची सोय होती. या प्रकारच्या फाइलींना मात्र ती लागू नव्हती. पुढे कंपनीने ती लागू केली.

अशा अनुभवांतून टप्प्याटप्प्याने स्थापना करण्याची पद्धत महत्त्वाची ठरली आहे. तीत नवी आवृत्ती प्रथम मोजक्या यंत्रांवर बसवून तिचे निरीक्षण करतात व मगच व्याप्ती वाढवितात. विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून कोळशाच्या खाणीत कॅनरी पक्षी नेत, त्यावरून या चाचणीस कॅनरी हे नाव पडले. चांद्रयानाच्या विणकामात जे थांबणे अपरिहार्य होते, ते आता हेतुपुरस्सर योजावे लागते. वितरणाचा वेग जितका अधिक, तितकी थोडे थांबण्याची व सुरक्षित माघारीची तरतूद अधिक आवश्यक असते.