भुयारातल्या मुलीची कुळकथा

मुंबईच्या ओव्हल मैदानात उभे राहून पूर्वेकडे दृष्टी टाकली, म्हणजे १८७८ साली पुरा झालेला राजाबाई मनोरा आणि त्याला लागून असलेले विद्यापीठाचे ग्रंथालय नजरेत भरते. त्यांच्या टोकदार कमानींना आणि रंगीत काचांच्या खिडक्यांना वास्तुशास्त्रज्ञ ज्या नावाने ओळखतात, तेच ‘गॉथिक’ हे नाव, सोळा-सतरा वर्षांच्या मुली मध्यरात्र उलटली तरी ज्या खाली ठेवीत नाहीत त्या कादंबऱ्यांनाही लागलेले आहे. जुनाट वाडा, कुलूपबंद दालन, पूर्वजांचे झाकलेले पाप, मनुष्ययोनीपलीकडचा परंतु प्रेमाने व्याकुळ झालेला नायक आणि हाती दिवा घेऊन अंधाराकडे निघालेली एक मुलगी, एवढी सामग्री या कादंबऱ्यांना पुरते. दगडाची इमारत आणि भयमिश्रित प्रीतीची कथा यांचे गोत्र एक कसे झाले, हे कुतूहल मला फार दिवस होते, आणि त्याचा माग काढीत गेल्यावर तो एका घराशी व एका स्वप्नाशी येऊन पोहोचला.

मुळात गॉथ ही जर्मानिक टोळी. इ. स. ४१० मध्ये तिच्यातील एका शाखेने रोम लुटले, आणि त्या लुटीची आठवण युरोपाच्या मनात इतकी खोल रुतली, की अकराशे वर्षांनंतर इटलीतील कलाविचारकांनी मध्ययुगीन चर्चांच्या उंच, टोकदार रचनेला तुच्छतेने गॉथांच्या माथी मारले, वस्तुतः त्या टोळीचा त्या बांधकामाशी काहीएक संबंध नसताना. पुढे दोनशे वर्षे हा शब्द रानटी, ओबडधोबड, काळाने मागे टाकलेला अशा अर्थानेच वापरला जात होता. त्या शब्दाला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत अग्रभागी होता होरेस वॉलपोल, इंग्लंडच्या पंतप्रधानाचा मुलगा, स्वतः पार्लमेंटचा सभासद आणि जुन्या वस्तूंचा निःसीम भोक्ता. लंडनजवळ ट्विकनहॅम येथे त्याने ‘स्ट्रॉबेरी हिल’ नावाचे घर घेतले आणि अनेक वर्षे खपून त्याला मध्ययुगीन गढीचे रूप दिले. त्यातील दिवाणखान्यांच्या चुलाण्यांना जुन्या थडग्यांच्या नक्षीचे नमुने होते आणि एका भव्य दालनाच्या छताची नक्षी चक्क कागदाच्या लगद्याची होती.

या घरात १७६४ सालच्या जूनच्या आरंभी एका पहाटे वॉलपोलला स्वप्न पडले. आपण एका पुरातन किल्ल्यात आहोत आणि प्रचंड जिन्याच्या अगदी वरच्या कठड्यावर चिलखत घातलेला एक राक्षसी हात टेकलेला आहे, एवढेच त्याला जागे झाल्यावर आठवत होते. त्याच सायंकाळी, आपण काय सांगणार आहोत याची कल्पनाही नसताना, तो लिहायला बसला आणि दोन महिन्यांच्या आत ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ लिहून झाली. त्या डिसेंबरात ती प्रसिद्ध झाली तेव्हा त्याने आपले नाव दडवून, उत्तर इंग्लंडातील एका जुन्या कॅथलिक घराण्याच्या ग्रंथसंग्रहात सापडलेल्या, नेपल्स येथे १५२९ साली छापलेल्या इटालियन पुस्तकाचे हे भाषांतर आहे, अशी बतावणी केली. वाचकांनी पुस्तक उचलून धरल्यावर १७६५ च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने कर्तृत्वाची कबुली दिली आणि मुखपृष्ठावर ‘गॉथिक कथा’ हे शब्द घातले. घराचे विशेषण कथेला लागले ते असे.

त्या कथेत आकाशातून पडणारे अजस्र शिरस्त्राण आहे, चौकटीतून उतरून चालू लागणारे चित्र आहे. पण माझ्या मते या कुळाचा मूळपुरुष त्यांपैकी कोणीच नव्हे. वतनाचे आणि वारशाचे कज्जे पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या आपल्या समाजाला या कथेचा गाभा चटकन उमगावा: मॅनफ्रेड ज्या ओट्रँटोवर अंमल गाजवीत आहे, ती मालमत्ता त्याच्या आजोबाने खऱ्या धन्याला विष घालून व खोटे मृत्युपत्र पुढे करून बळकावलेली आहे. त्याचा एकुलता मुलगा लग्नाच्याच दिवशी त्या शिरस्त्राणाखाली चिरडून मरतो, तेव्हा वंश तुटू नये म्हणून तो स्वतःच्या धर्मपत्नीला सोडून, सून म्हणून घरात आणलेल्या इझाबेलाशी विवाह करू पाहतो. ती तरुण मुलगी किल्ल्याखालच्या भुयारात पळते. वाऱ्याच्या झोताने तिच्या हातातला दिवा विझतो, आणि छताच्या फटीतून आलेल्या चांदण्याच्या पुसट तिरिपेत तिला एक अनोळखी पुरुषाकृती दिसते. तो वैरी की सोबती, हे कळायला मार्ग नाही, आणि अखेर तोच तिला सुटकेचे द्वार उघडायला साह्य करतो. भय आणि अनुराग एकाच काळोखात समोरासमोर येण्याचा तो क्षण म्हणजेच या साहित्यप्रकाराचे बीज होय.

वॉलपोल हे पुस्तक लिहीत होता त्याच उन्हाळ्यात, ९ जुलै १७६४ रोजी, लंडनमध्ये ॲन रॅडक्लिफ जन्मली. तिने ते बीज रुजविले. १७९४ साली आलेल्या तिच्या ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’साठी प्रकाशकाने पाचशे पौंड मोजले, आणि वर्गणीवर पुस्तके देणाऱ्या वाचनालयांतून अशा कादंबऱ्यांचे खंड स्त्रियांच्या हातोहात फिरू लागले. भयाचे दोन प्रकार तिने सांगितले: एक मनाला विस्तारून जागे करणारे, दुसरे त्याला आक्रसून थिजविणारे. पहिल्या प्रकारच्या भयावर तिची सारी भिस्त होती, म्हणूनच तिच्या नायिका भुताने गारठून बसत नाहीत, तर पडद्यामागे काय आहे ते पाहायला जातात.

तरुण वाचक या कथांत काय शोधते, हे प्रथम नेमके ओळखले ते जेन ऑस्टिनने. १८१७ च्या डिसेंबरात, तिच्या निधनानंतर, निघालेल्या ‘नॉर्दँगर ॲबी’ची कॅथरिन सतरा वर्षांची आहे आणि उडॉल्फोने भारलेली आहे. ज्या जुन्या वास्तूत ती पाहुणी म्हणून जाते, तिच्या यजमानाने पत्नीचा घात केला असावा असा संशय तिला येतो. तो निराधार ठरून ती लाजेने अर्धमेली होते. बहुतेक टीकाकार येथे थांबतात आणि हे पुस्तक म्हणजे गॉथिक वाचनाची केवळ थट्टा समजतात. मला तसे वाटत नाही. कारण ही मुलगी धनिक नाही असे कळताच तोच यजमान तिला भल्या सकाळी सोबतीवाचून सत्तर मैलांच्या प्रवासाला घालवून देतो. खून झालेला नव्हता, हे खरे. परंतु त्या घरात काहीतरी निर्दय आहे, हे त्या मुलीने बरोबर हेरले होते.

माझ्या समजुतीने आकर्षणाचे मर्म येथे आहे. सोळा-सतराव्या वर्षी मनुष्य अशा घरात वावरत असतो, की ज्याचे कायदे त्याच्या जन्माआधी ठरलेले, ज्याच्या किल्ल्या दुसऱ्याच्या कनवटीला आणि ज्याच्या पूर्ववृत्ताविषयी विचारले असता ‘तुला काय करायचंय?’ एवढेच उत्तर मिळते. शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’मध्ये (१८४७) अठरा वर्षांची जेन तिसऱ्या मजल्यावरचे हास्य ऐकते आणि तिला खोटे कारण सांगितले जाते, खरे कळते ते विवाहवेदीसमोर. इतर साहित्य ज्या मुलीला समजावते, तिची समजूत काढते, त्याच मुलीच्या संशयावर गॉथिक कथा विश्वास ठेवते. परक्या उंबरठ्याआत गेल्यावर त्या घराचे मौन आधी वाचावे लागते, हे ज्या समाजात लेकींना न सांगता कळते, तेथे या कथा परक्या वाटण्याचे कारण नाही.

रक्तपिपासू पिशाच्च या घरात नंतर आले. १८१६ च्या पावसाळी उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराकाठी कवी बायरनच्या बिऱ्हाडी जमलेल्या मंडळींनी भुताच्या गोष्टी लिहिण्याची पैज लावली. पुढे मेरी शेली म्हणून ओळखल्या गेलेल्या अठरा वर्षांच्या मेरीला तेथेच, जाग आणि झोप यांच्या सीमेवर, ‘फ्रँकेन्स्टाइन’चे दृश्य दिसले, आणि बायरनचा वैद्य पॉलिडोरी याने १८१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कथेत पिशाच्चाला उमरावाचा देखणा चेहरा दिला. ‘ड्रॅक्युला’ १८९७ चा.

पुन्हा एकदा जून महिना, पुन्हा एक स्वप्न. २ जून २००३ रोजी अमेरिकेतील ॲरिझोनात स्टेफनी मायर या गृहिणीला स्वप्नात रानातल्या मोकळ्या कुरणावर एक मुलगी आणि एक तेजस्वी रक्तपिपासू तरुण बोलत असलेले दिसले. तिची प्रीती आणि तिच्या रक्ताची तहान, दोन्ही त्याला एकाच वेळी अनावर झाली होती. त्यातून २००५ साली ‘ट्वायलाइट’ आले आणि किशोरवयीनांसाठीच्या अलौकिक प्रेमकथांचा पूर लोटला. तिची सतरा वर्षांची नायिकाही संशयापासूनच आरंभ करते, आणि तिचा संशय अक्षरशः खरा ठरतो. नायकाला एडवर्ड हे नाव ठेवताना आपल्यासमोर जेन एअरचा रॉचेस्टर आणि ऑस्टिनचा फेरर्स हे दोन एडवर्ड होते, असे लेखिकेने सांगितले आहे. नायिकेसाठी मात्र तिला कोणतेच नाव पुरेसे चांगले वाटेना. तेव्हा मुलगे असलेल्या त्या आईने, कधी मुलगी झाली तर तिला ठेवायचे म्हणून जपून ठेवलेले नाव तिला देऊन टाकले. पुस्तकात सगळे तिला बेला म्हणतात. पूर्ण नाव इझाबेला.