बंदुकीची नळी आणि सरकारचा विश्वास

परवा पुतण्याने फोनवर विचारले, "काका, .३२ चे छोटे पिस्तूल ९ एम.एम.चे करून मिळते का हो?" कुठला तरी सिनेमा पाहिला होता त्याने. म्हटले, बाबा रे, परवान्याशिवाय शस्त्रात असा फेरफार करणे १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे. पण प्रश्न डोक्यातून जाईना. कारण आपल्या देशात बंदुकांचे बोअर बदलण्याचा उद्योग खुद्द सरकारनेच केलेला आहे, आणि तो इतिहास शाळेच्या पुस्तकात नसतो.

बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचे माप. एका इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले बत्तीस म्हणजे .३२. साधे गणित. पण या गणितात राजकारण कसे शिरले ते पाहा.

१८५७ च्या उठावात एन्फिल्ड रायफलीची काडतुसे गाजली, हे आपण सारे शिकलो. त्या रायफलीचे बोअर होते .५७७ इंच. नळीत आतून पेचदार खाचा होत्या, त्यामुळे गोळी फिरत जाई आणि लांबवर अचूक लागे. उठाव मोडल्यावर इंग्रजांनी काय केले? देशी शिपायांसाठी त्याच घाटाच्या बंदुकीची नळी आतून कोरून खाचाच काढून टाकल्या. बोअर वाढून सुमारे .६५६ झाले. बंदूक दिसायला तीच, पण नेम जवळपासचाच. गोऱ्या सोजिराकडे मात्र रायफल राहिली. तोफखानाही बहुतेक गोऱ्यांच्याच हाती ठेवला. शिपाई तर हवा, पण त्याचा भरवसा नको!

पुढे विसाव्या शतकात इशापूरच्या कारखान्यात .३०३ रायफलींची .४१० मस्कट झाली. खाचा नाहीत, एका वेळी एकच बार, आणि काडतूस सैन्याच्या गोळीपेक्षा वेगळे. ही पोलीस आणि पहारेकऱ्यांसाठी. म्हणजे आपल्याच पोलिसावरही विश्वास मोजूनमापून.

सामान्य माणसाचे तर नावच नको. लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या कायद्याने हिंदी माणसाला शस्त्रासाठी परवाना लागू लागला, युरोपियनांना सूट होती. तरीही २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकच्या नाटकगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पिस्तूल ब्राउनिंगचे, लंडनहून चोरून आलेले. खिशात मावणाऱ्या त्या यंत्राने एवढे मोठे साम्राज्य हादरले.

स्वातंत्र्य आले, कायदा नवा झाला, पण मापाची भीती तशीच राहिली. १९६२ च्या शस्त्र नियमांत .३०३, ७.६२ एम.एम., ९ एम.एम., .४१० मस्कट ही सरकारी मापे प्रतिबंधित ठरली. मग नागरिकांसाठी सरकारी कारखान्यांनी .३१५ ची रायफल काढली. घडण बरीचशी .३०३ सारखी, गोळी निराळी. पिस्तूल आणि रिव्हॉल्व्हर .३२ ची. पुतण्याच्या प्रश्नातला .३२ आणि ९ यांतला फरक हा असा आहे. एक माप प्रजेचे, दुसरे सरकारचे.

हे सगळे चूकच, असे मी म्हणणार नाही. आमचा सोनपेठचा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. रझाकारांच्या हाती बंदुका आणि गावाच्या हाती काठ्या-कुऱ्हाडी, हे वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकत आम्ही वाढलो. ज्याच्या त्याच्या हाती बंदूक आली की काय होते, हे मराठवाड्याला वेगळे सांगायला नको. बंदुकीवर बंधन हवेच.

फरक एवढाच की इंग्रजाने नळी कोरली ती आपली सत्ता टिकावी म्हणून. आजचे बंधन शेजारी सुखाने झोपावा म्हणून असेल तर ते मला मान्य आहे. पण ते नक्की कशासाठी आहे, हे लोकशाहीत अधूनमधून विचारत राहिले पाहिजे. तुम्हाला काय वाटते, जरूर कळवा.